लाईट हेवीवेटचा पट्टा मिळाला, पण तोलामोलाची जोड कुठे आहे?

लाल_माती (चाळीसगाव)

डेव्हिड बेनाविडेझने २२ नोव्हेंबर २०२५ ला रियाधमध्ये अँथनी यार्डेला सातव्या फेरीत थांबवलं आणि लाईट हेवीवेटचा डब्ल्यूबीसीचा पट्टा राखला. ३१ लढती, ३१ विजय. आमच्या व्यायामशाळेतली पोरं मोबाईलवर फाईट बघून आली आणि विचारायला लागली, "भाऊ, मग आता हाच जगात एक नंबर का?" मला हो म्हणता येईना आणि नाही म्हणायलाही जीभ वळेना. म्हणून हा धागा काढतो आहे.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लाईट हेवीवेट म्हणजे १७५ पौंडांपर्यंतचं वजन, आपल्या हिशेबात ७९ किलो आणि वर थोडं. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ या चार संस्था आपापला जागतिक विजेतेपदाचा पट्टा देतात. या वजनात चारही पट्टे एकाच्या कमरेला यायला १२ ऑक्टोबर २०२४ उजाडला. त्या दिवशी रियाधला आर्तुर बेतेर्बियेवने दिमित्री बिवोलला गुणांवर हरवलं. २२ फेब्रुवारी २०२५ ला तिथेच बिवोलने परतफेड केली आणि चारही पट्टे त्याचे झाले. तेव्हा बेनाविडेझ डब्ल्यूबीसीचा अंतरिम विजेता होता, म्हणजे रांगेत पहिला. पुढची लढत याच दोघांची व्हायला हवी होती. बिवोलने एप्रिलमध्ये तो एक पट्टा सोडून दिला आणि संस्थेने बेनाविडेझला पूर्ण विजेता जाहीर केलं. पट्टा घरपोच आला, पण ज्याच्याकडून तो हिसकावून घ्यायचा तो माणूस समोर आलाच नाही.

त्याच्या बाबतीत हे दुसऱ्यांदा झालं. आधी तो १६८ पौंडांत होता. २०२३ मध्ये त्याने मार्चला केलेब प्लांटला आणि नोव्हेंबरला डिमेट्रियस अँड्रेडला हरवलं. त्या वजनाचे चारही पट्टे तेव्हा कॅनेलो अल्वारेझकडे होते. बेनाविडेझ वर्षानुवर्षं त्याला हाक देत राहिला. शेवटी कॅनेलोने जाहीरपणे १५ ते २० कोटी डॉलरचा आकडा सांगितला, आणि तेवढे पैसे कोणीच ठेवले नाहीत. मग हा वरच्या वजनात आला.

आपल्याकडे जत्रेच्या फडात एखाद्या पैलवानाला जोड मिळत नसली की पंच त्याचा हात धरून त्याला गोल फिरवतात. हलगी वाजत असते. ज्याची हिंमत असेल त्याने उठावं. कोणी उठलं नाही तर ते सगळ्या गावाने डोळ्यांनी पाहिलेलं असतं, म्हणून न लढताही त्या पैलवानाचा मान वाढतो. बॉक्सिंगमध्ये हे फिरवणं होतच नाही. कोण कोणाला टाळतो आहे ते बंद खोलीत, वकील आणि प्रवर्तक म्हणजे लढती भरवणारे यांच्यात ठरतं, आणि बाहेर दोन्ही बाजू आपणच तयार होतो असं सांगतात. लोकांनी विश्वास ठेवायचा कोणावर?

माझं स्वतःचं मत असं आहे की बेनाविडेझचा खरा मान त्या घरपोच पट्ट्यात नाही. तो १ फेब्रुवारी २०२५ च्या लास व्हेगासच्या लढतीत आहे. समोर डेव्हिड मोरेल होता, क्युबाचा, डावखुरा, तोपर्यंत अपराजित. त्याच्याशी लढून पैसा कमी आणि धोका जास्त, म्हणून मोठी नावं त्याच्या वाटेला जात नव्हती. ज्याला स्वतःला टाळलं जात होतं, त्यानेच दुसऱ्या टाळल्या गेलेल्या माणसाला रिंगमध्ये बोलावलं. अकराव्या फेरीत बेनाविडेझ खाली बसला, पंचांनी मोजलं, उठला आणि लढत जिंकला. तीन पंचांचे गुण ११५-१११, ११५-१११, ११८-१०८. मी पोरांना पट्ट्याचा फोटो दाखवत नाही, ती अकरावी फेरी दाखवतो.

तुम्हाला काय वाटतं? विजेत्याला योग्य प्रतिस्पर्धी मिळत नसेल तर त्याने काय करावं?

भुसावळ_जंक्शन

लाल_माती, लिहिलंय मनापासून. मी फौजेत असताना काही वर्षं रिंगमध्ये काढली आहेत, म्हणून एक बाजू तुम्ही सोडली ती मांडतो. बेनाविडेझला सप्टेंबर २०१७ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी १६८ चा पट्टा मिळाला होता. त्या वजनातला तो सर्वांत तरुण विजेता. २०१८ मध्ये कोकेनची चाचणी सापडली आणि पट्टा गेला. २०१९ मध्ये अँथनी डिरेलला हरवून परत मिळवला. ऑगस्ट २०२० मध्ये वजनकाट्यावर जास्त भरला आणि पट्टा पुन्हा गेला. दोन्ही वेळा रिंगमध्ये त्याला कोणी हरवलं नव्हतं, तो बाहेर हरला. हातात पट्टा असता तर कॅनेलोला २०२१ मध्ये सगळे पट्टे गोळा करताना त्याच्याकडे यावंच लागलं असतं. तेव्हा तो रांगेबाहेर उभा होता.

हे त्याला कमी लेखायला लिहीत नाही. त्यानंतरची त्याची शिस्त मला मानावी लागते. पण पोरांना सांगताना हेही सांगा. तोलामोलाची जोड मागायची तर आधी वजनकाट्यावर खरं उतरायला लागतं.

लाल_माती (चाळीसगाव)

पटलं. हे सांगायलाच हवं, आणि सांगेन.

अमळनेरना_पोऱ्या

भाऊ, जोड नही भेटनी म्हंजे पहिलवान मनमा झुरस. आम्हना गावमा एक व्हता, त्याना संगे कोनी कुस्ती धरे नही. शेवट त्यानी म्हशी लिन्यात नि दूधना धंदा सुरू करा. आते बी यात्राले फडमा येस, पन मांगे बठस.

धुळेकर_आबा

अमळनेरच्या भाऊंनी चार ओळींत सगळं सांगितलं. झुरणं हाच शब्द. मी ज्याच्याबद्दल लिहिणार आहे तो मात्र झुरत बसला नाही.

आर्ची मूर. १९३५ च्या सुमारास व्यावसायिक बॉक्सिंगला सुरुवात केली. १९४० मध्ये लढती मिळवायला ऑस्ट्रेलियापर्यंत गेला. चाळीसच्या दशकात या वजनातल्या सर्वांत धोकादायक माणसांत त्याची गणना होत होती, आणि नेमकं म्हणूनच विजेते त्याला संधी देत नव्हते. त्या काळात एकच पट्टा होता आणि तो ज्याच्याकडे असेल त्याच्या मर्जीवर सगळं चालायचं. काळ्या बॉक्सरांना तर दुप्पट अडचण. चार्ली बर्ली हा त्याच पिढीतला, जाणकार आजही त्याचं नाव आदराने घेतात, पण त्याला जागतिक विजेतेपदासाठी एकदाही लढायला मिळालं नाही. मग हे लोक काय करायचे? एकमेकांशी लढायचे, पुन्हा पुन्हा, कमी पैशात. मूर आणि बर्ली समोरासमोर आले तेव्हा बर्लीने मूरला हरवलं. ज्या लढती जगाने पाहायला हव्या होत्या त्या अशा छोट्या हॉलमध्ये संपल्या.

मूर क्रीडा पत्रकारांना पत्रं लिहायचा, मला संधी द्या म्हणून जाहीर मागणी करायचा. शेवटी १७ डिसेंबर १९५२ ला सेंट लुईसला जोई मॅक्सिमशी लढत ठरली. मॅक्सिमला १ लाख डॉलरची हमी होती. मूरच्या हातात जे पडलं ते ८०० डॉलर असं सांगितलं जातं. पंधरा फेऱ्या लढून त्याने पट्टा घेतला. जन्मवर्षाबद्दल दोन दावे आहेत, १९१३ आणि १९१६, म्हणजे छत्तिशीत तरी होताच, कदाचित एकोणचाळीस वर्षांचा. मॅक्सिमला त्याने पुढे आणखी दोनदा हरवलं आणि पट्टा १९६२ पर्यंत ठेवला. १९५५ मध्ये हेवीवेटच्या रॉकी मार्सियानोवर चालून गेला, दुसऱ्या फेरीत त्याला खाली पाडलं आणि नंतर नवव्या फेरीत स्वतः हरला.

माझा मुद्दा एवढाच, लाल_माती, की मूरने वाट पाहताना हात रिकामे ठेवले नाहीत. दर महिन्याला जो मिळेल त्याच्याशी लढला. आजचे विजेते वर्षातून एक किंवा दोन लढती करतात आणि मग योग्य प्रतिस्पर्धी नाही म्हणतात, ते माझ्या मनाला लागत नाही.

तापीकाठ

आबा, मूरबद्दल पूर्ण सहमत. पण आजच्या विजेत्याला मोकळीक कमी आहे हेही बघा. त्याने एका प्रवर्तकाशी आणि एका वाहिनीशी करार केलेला असतो. समोरचा दुसऱ्या वाहिनीवर असेल तर लढत होत नाही.

याच वजनातलं उदाहरण सर्गेई कोवालेव आणि अडोनिस स्टीव्हन्सन यांचं आहे. २०१३ मध्ये दोघेही विजेते झाले. जूनला स्टीव्हन्सनने चॅड डॉसनला पहिल्याच फेरीत, ७६ सेकंदांत आडवं केलं. ऑगस्टमध्ये कोवालेवने नेथन क्लेव्हर्लीला त्याच्या देशात जाऊन हरवलं. सगळं जग या दोघांची लढत मागत होतं. कोवालेव एचबीओवर होता. स्टीव्हन्सन २०१४ मध्ये शोटाइमकडे गेला. झालं, संपलं. कोवालेवने २०१४ मध्ये बर्नार्ड हॉपकिन्सकडून आणखी दोन पट्टे घेतले, २०१६ आणि २०१७ मध्ये आंद्रे वॉर्डकडून हरला. स्टीव्हन्सन त्याच्या गावाजवळ, कॅनडात, पट्टा राखत राहिला. १ डिसेंबर २०१८ ला ओलेक्सांद्र ग्वोझ्डिकने त्याला अकराव्या फेरीत नॉकआऊट केलं आणि मेंदूला इतकी गंभीर इजा झाली की तो कोमात गेला. जीव वाचला, पण बॉक्सिंग संपलं. कोवालेव विरुद्ध स्टीव्हन्सन कधीच झाली नाही, आणि त्या दोघांत कोण मोठा हे आता कोणीही ठरवू शकत नाही. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

बिवोललाही मी याच कारणाने मोकळा सोडतो. हा माणूस २०१७ पासून डब्ल्यूबीएचा विजेता होता. जो स्मिथ, जाँ पास्काल, सलिव्हन बरेरा, जे समोर आले त्यांना हरवत गेला, पण नाव कोणाच्या तोंडी नव्हतं. मोठ्या लढतीसाठी १६८ पर्यंत खाली उतरायलाही तो तयार होता. ७ मे २०२२ ला कॅनेलो स्वतः वर चढून आला, तेव्हा बिवोलला जगाने पाहिलं. तिन्ही पंचांनी ११५-११३ दिले, पण बाराही फेऱ्या बघितल्या तर फरक त्याहून मोठा वाटतो. त्याचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) आणि पायांची चाल, आमच्या पोरांना मी तेच दाखवतो. बेतेर्बियेवशी लढत व्हायलाही सौदी पैसा यावा लागला, तोवर दोघांचे प्रवर्तक वेगळे म्हणून ती अडकून होती. आणि तीसुद्धा आधी १ जून २०२४ ला ठरली होती, बेतेर्बियेवच्या गुडघ्यामुळे ऑक्टोबरवर गेली.

मग अशा माणसाने बेतेर्बियेवशी एक-एक झाल्यावर तिसरी लढत आधी मागितली आणि त्यासाठी एक पट्टा सोडला, तर त्याला पळपुटा म्हणता येईल का? मला नाही वाटत.

लाल_माती (चाळीसगाव)

पळपुटा मी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. पण बेनाविडेझच्या जागेवरून बघा. कॅनेलो नाही, बिवोल नाही. दोघांची कारणं आपापल्या जागी खरी असतील. त्याचं वय जातंय ना.

शहादेकर_ताई

मी बॉक्सिंग फारसं बघत नाही, मुलगा बघतो म्हणून धागा वाचला. साधा प्रश्न आहे. संस्था नियम का करत नाहीत? पहिल्या क्रमांकाशी लढा, नाहीतर पट्टा सोडा.

तापीकाठ

ताई, नियम आहे. प्रत्येक संस्थेचा एक अनिवार्य आव्हानवीर असतो आणि विजेत्याने ठराविक मुदतीत त्याच्याशी लढायचं असतं. अडचण अशी की चार संस्थांचे चार आव्हानवीर. चारही पट्टे असलेल्या माणसाला चारही बाजूंनी नोटीस येते. एकाशी लढेपर्यंत दुसरी संस्था पट्टा काढून घेते. बेतेर्बियेव आणि बिवोलने इतक्या वर्षांनी पट्टे एकत्र केले आणि दुसऱ्या लढतीनंतर दोन महिन्यांत ते पुन्हा फुटले. शिवाय विजेतेपदाच्या प्रत्येक लढतीतून संस्थेला शुल्क मिळतं, म्हणजे जितके विजेते तितकी कमाई. अंतरिम विजेता हे पद त्यातूनच फोफावलं.

पाचोरा_लोकल

आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? नोव्हेंबर २०२३ मध्ये दोन महाराष्ट्र केसरी झाले. फुलगावला सिकंदर शेख आणि धाराशिवला शिवराज राक्षे. संघटना दोन, गदा दोन. आणि फुलगावला सिकंदरने राक्षेलाच हरवलं होतं! पैलवानांची यात काही चूक नाही, दोघेही ढाण्या. पण गदा हातात घेतल्यावर शंका उरू नये एवढी अपेक्षा करायची की नाही?

आपल्या चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचे विजय चौधरी २०१४, २०१५, २०१६ अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरी झाले. एकच स्पर्धा होती, राज्यातले सगळे तिथे येत होते. त्या तीन गदांबद्दल आजपर्यंत कोणी शंका घेतलेली मी ऐकली नाही. मान्यता अशी असावी.

लाल_माती (चाळीसगाव)

विजयभाऊंचं नाव निघालं, बरं वाटलं. तिसऱ्या गदेच्या वेळी आमच्याकडे रात्रभर फटाके वाजत होते.

केळीबाग_रावेर

धागा सुरुवातीपासून वाचतोय. सगळे जागतिक विजेत्यांबद्दल बोलताहेत, मला जरा जवळचं विचारायचं आहे. विषयांतर वाटलं तर सांगा.

माझा भाचा एकोणीस वर्षांचा आहे. उंच आहे, हात लांब आहेत, ८० किलो गटात खेळतो. हौशी बॉक्सिंगमध्ये आधी ८१ किलो असायचं तेच आता ८०. जिल्ह्याला गेला, समोर कोणी नाही. पदक गळ्यात घालून घरी आला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. आजीने पेढे वाटले, आणि हा खोलीत जाऊन बसला. म्हणाला, मामा, मी एक ठोसा मारला नाही, मला एक लागला नाही, मी काय जिंकलो? मग राज्य स्पर्धेत पहिल्याच लढतीत पुण्याच्या पोराने त्याला असा धुतला की दुसऱ्या राऊंडला पंचांनी लढत थांबवली. त्या पोराला रोज पाच-सहा जण स्पॅरिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला मिळत असणार. याला ठोसे मारायची बॅग मिळते आणि मी मिळतो, आणि मी काही बॉक्सर नाही, केळीचे घड उचलणारा माणूस आहे.

आता घरचे म्हणतात पोलीस भरतीची तयारी कर. त्याचं मन अजून रिंगमध्ये आहे. काय करावं?

धुळेकर_आबा

विषयांतर कसलं, धाग्याचा विषयच हा आहे.

आपल्याकडे ७५ किलोच्या वरचा पोरगा तालमीतच जातो, आणि त्यात वाईट काही नाही. पण त्यामुळे बॉक्सिंगच्या वरच्या वजनांत नोंदीच येत नाहीत. देशपातळीवर या वजनात हरियाणाची आणि सैन्यदलाची पोरं दिसतात, कारण तिथे एका हॉलमध्ये एकाच वजनाची दहा पोरं असतात. सुमित सांगवान हरियाणाचाच. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला ८१ किलोमध्ये पहिल्याच लढतीत ब्राझीलच्या यामागुची फाल्कावकडून १५-१४ असा एका गुणाने हरला. भारताने दाद मागितली, फेटाळली गेली. फाल्काव पुढे कांस्यपदक घेऊन गेला. एका गुणाचा फरक! इतका जवळ आपला माणूस या वजनात पोचू शकतो.

भाच्याला सांगा, राज्य स्पर्धेत थांबवलं गेलं ते जिल्ह्याच्या दोन पदकांपेक्षा मोलाचं आहे. पहिली खरी लढत तीच.

गिरणाकाठ

केळीबाग, पोलीस भरतीला विरोध करू नका एवढं सांगेन. विजय चौधरींनाही पोलीस दलात अधिकारी म्हणून नोकरी मिळाली ती खेळामुळेच. सैन्यातही खेळाडू म्हणून भरती होते, पुण्याला आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे. नोकरी आणि रिंग दोन्ही सोबत चालू शकतात. भारतातले बहुतेक चांगले बॉक्सर सैन्य, रेल्वे, पोलीस यांच्याच पगारावर जगले आहेत.

भुसावळ_जंक्शन

केळीबाग, आता काम सांगतो. आमच्याकडे रविवारी सकाळी रिंग लागते. एक ८५ चा आहे, रेल्वेत नोकरीला, दोनदा राज्य खेळलेला. एक ७५ चा आहे, फार चपळ, बिवोलसारखा पाय चालवायचा प्रयत्न करतो. तुमचा ८० मध्ये बसतो. तिघांना आळीपाळीने तीन-तीन मिनिटांचे राऊंड देता येतील. जड माणसाकडून ताकद कळते, हलक्याकडून वेग कळतो. त्याच वजनाची जोड मिळेपर्यंत हा रस्ता चांगला आहे.

अटी दोन. हेडगार्ड आणि माऊथगार्डशिवाय रिंगमध्ये चढायचं नाही, आणि स्पॅरिंगला १६ औंसांचेच ग्लोव्ह. राज्य स्पर्धेत लढत थांबवली गेली होती म्हणता, तर त्यानंतर डोकं दुखणं, उलटी, चक्कर असं काही झालं होतं का ते आधी डॉक्टरला दाखवून घ्या. स्टीव्हन्सनचं वर वाचलंच आहे. दाखला घेऊन या, मगच उतरवेन.

लाल_माती (चाळीसगाव)

भुसावळ, माझ्याकडेही दोन आहेत, एक ७८ आणि एक ८१ भरतो. ८१ वाला कुस्तीतून आलाय, अजून हात उघडे टाकतो, पण हटत नाही. आम्ही सकाळच्या गाडीने येऊ शकतो. चालेल का?

भुसावळ_जंक्शन

पळत या. पाच जण झाले तर आळीपाळी नीट बसते आणि कोणाला सलग दोनदा उतरावं लागत नाही.

केळीबाग_रावेर

भाच्याला आत्ता वाचून दाखवलं. डॉक्टरकडे उद्याच नेतो. त्याने एकच विचारलं, ८५ वाला डावखुरा आहे का?

भुसावळ_जंक्शन

डावखुराच आहे. त्याला म्हणावं उजवा सरळ ठोसा घासून ठेव, आणि पुढचा पाय त्याच्या पायाच्या बाहेर ठेवायची सवय आतापासून लाव.